मॅगझिन काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली का?
‘मॅगझिन काढली की बंदूक रिकामी झाली, मग ती कुणाच्याही हाती द्यायला हरकत नाही’ हा समज खुल्या नेमबाजी रेंजवर प्रथमच येणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. मॅगझिन हा काडतुसांचा केवळ साठा असतो. त्यातले एक काडतूस आधीच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या ज्या कप्प्यातून गोळी सुटते तिथे, सरकलेले असेल, तर मॅगझिन काढल्याने ते तिथून हलत नाही, आणि अनेक बंदुकांमध्ये चाप ओढताच गोळी सुटते. म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून आधी मॅगझिन काढावी, मग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून चेंबर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावा.

स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेमबाजी) प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील रायफलीत तर एका वेळी एकच काडतूस हाताने भरतात. तिथे मॅगझिनचा निकष लावणार तरी कसा? त्यासाठीच स्पर्धांमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग चेंबरमध्ये घालतात, म्हणजे चेंबर रिकामा असल्याचे लांबूनही दिसते.

कागदी लक्ष्य बदलण्यासाठी कुणी पुढे गेले असेल, तर तपासलेल्या बंदुकीलाही हात लावू नये. नुसते ‘बघायला’ म्हणूनही नाही. लहानशी दिसणारी पॉइंट टू-टूची (सुमारे ०.२२ इंच व्यासाची) गोळीसुद्धा एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते, त्यामुळे ‘स्टॉप’ ऐकताच, नेम धरलेला असला तरी, चापावरचे बोट काढावे आणि पुढची सूचना येईपर्यंत थांबावे.