गिनी: एकवीस शिलिंगांचा गुंता

‘आजीची गिनी आहे’ असं म्हणून सराफापुढे ठेवलेलं नाणं बहुतेक वेळा गिनी नसतंच. ते सॉव्हरिन, म्हणजे गिनीनंतर आलेलं इंग्रजी सोन्याचं नाणं, असतं. नाव मागे राहिलं, नाणं बदललं.

लंडनच्या टाकसाळीने १६६३ साली खऱ्या गिनीचं २२ कॅरट सोन्याचं नाणं काढलं, तेव्हा ते वीस शिलिंगांचं, म्हणजे सरळ एका पौंडाचं होतं. ‘गिनी’ हे नाव लोकांनी दिलेलं. नाण्यावर ते कधीच कोरलं गेलं नाही. पश्चिम आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याला पोर्तुगीज गिने म्हणत, तिथून यातलं बरंच सोनं येई. ते आणणाऱ्या सनदी कंपनीची खूण म्हणून काही नाण्यांवर राजाच्या मुखाखाली इवलासा हत्ती दिसतो. हीच कंपनी माणसंही विकत होती, हे सांगायचं सहसा राहून जातं. (आपल्याकडचं गिनी गवत नावाने त्याच किनाऱ्याचं.)

मग गिनीचे पुढे ठरलेले एकवीस शिलिंग कुठून आले? चांदीची जुनी नाणी लोक कडेने कातरत. ती हलकी होत गेली तशी गिनी चढली आणि १६९५च्या सुमारास तीस शिलिंगांच्या आसपास पोचली. चांदीची नाणी नव्याने पाडल्यावर गिनी उतरली, १७१७ साली साडेएकवीसवर होती. युरोपातल्या भावाशी मेळ बसवायचा तर गिनीमागे दहा-बारा पेन्स (बारा पेन्सचा एक शिलिंग) कमी करावे लागतील, असं टाकसाळप्रमुखांच्या त्या वर्षीच्या अहवालातच होतं. तूर्त सहा पेन्स उतरवून बघावं, असंही होतं. डिसेंबरात सहाच उतरले आणि २१ शिलिंग कायम झाले. म्हणजे सोनं इंग्लंडात महागच राहिलं: एका भाराला पंधरा भारांहून थोडी जास्त चांदी. हिंदुस्थानात आणि चीनमध्ये चांदीला याहून चांगला भाव होता, त्यामुळे चांदी जहाजं भरभरून पूर्वेकडे जात राहिली आणि इंग्लंडच्या व्यवहारात सोनंच उरलं. ब्रिटनचं सुवर्णचलन हे मोठं धोरण म्हणून सांगितलं जातं. मला त्यात या अर्धवट कपातीचाच हात जास्त दिसतो. ते जाणूनबुजून केलं होतं, असं मानणारेही आहेत.

१८१४ नंतर गिनी पाडली गेली नाही. १८१७ला वीस शिलिंगांचं सॉव्हरिन आलं. तरी डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार यांची बिलं गिनीतच निघत. शिंप्याला पौंड, साहेबाला गिनी, असा तो तोरा. १९७१च्या दशमान पद्धतीत शिलिंग गेला, पण तिकडच्या घोड्यांच्या लिलावात अजून गिनीत बोली लागते: एक गिनी म्हणजे १.०५ पौंड. जुन्या रिवाजात पौंड विकणाऱ्याचा आणि वरचा शिलिंग लिलाव करणाऱ्याचा.

आपल्याकडे सॉव्हरिनलाच गिनी म्हणायची सवय पडली. १९१८ साली मुंबईच्या टाकसाळीतही सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले गेले. आजीच्या नाण्यावर सालाच्या वर बारीक रोमन ‘आय’ दिसला, तर ते इथलं.