जीपीएस वेगळं, नेट वेगळं

"अरे, नेट बंद आहे, जीपीएस कुठून चालणार?" हे वाक्य ठाण्यात शेअर रिक्षापासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत कुठेही कानावर पडतं. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतका ठामपणा असतो की वाद घालायचाही कंटाळा येतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

नेट काय करतं ते तुम्हाला ठाऊक आहे: नकाशाचं चित्र आणतं, पत्ता शोधतं, ट्रॅफिकच्या लाल रेघा दाखवतं. जीपीएसचं काम मात्र नुसतं ऐकायचं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह स्वतःची वेळ आणि जागा सतत सांगत असतात. फोनमधली चिप ते ऐकते आणि निदान चार उपग्रहांचा हिशोब जुळला की आपण कुठे आहोत ते काढते. फोनकडून वर काहीही जात नाही. त्यामुळे सिम नको, रिचार्ज नको, डेटाही जळत नाही. बॅटरी तेवढी खातं. आणि "उपग्रहावरून आपल्याला बघतात" म्हणणाऱ्यांनो, तुमचा फोन अस्तित्वात आहे हेही त्या उपग्रहाला माहीत नसतं.

इथवर बहुतेकांना पटतं. मग ते कपाटातला जुना, बिनसिमचा फोन काढतात, घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या पोडियम पार्किंगमध्ये, डोक्यावर स्लॅब असताना, उभे राहून नकाशा उघडतात, अर्धा मिनिट वाट बघतात. ठिपका येत नाही. "बघ, नेट लागतंच!" सगळा घोळ इथेच होतो.

जागा काढण्यासाठी प्रत्येक उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे आहे हे फोनला आधी कळायला हवं. ती माहिती उपग्रह स्वतःच पाठवतो, पण सेकंदाला फक्त ५० बिट या गोगलगाईच्या वेगाने. एका उपग्रहाचा हा संदेश दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. नेट चालू असेल तर फोन हीच माहिती सर्व्हरवरून चुटकीसरशी उचलतो. याला म्हणतात असिस्टेड जीपीएस. म्हणजे नेट मदत करतं ती फक्त सुरुवातीला, घाई करायला. जागा तरीही उपग्रहांवरूनच निघते.

महिनोन्‌महिने बंद असलेल्या फोनकडची माहिती पार शिळी झालेली असते, त्याला सगळं नव्याने ऐकावं लागतं. त्यात ऐकताना मध्येच सिग्नल तुटला की तो तुकडा पुन्हा फेरीत येईपर्यंत थांबणं आलं. म्हणून गाडी सुरू करून, इमारतींच्या रांगेतून जाता जाता "लाग, लाग" म्हणण्यात अर्थ नाही. मोकळ्या आकाशाखाली फोन स्थिर ठेवा: उपवन तलावाचा काठ, वाशीत सागर विहार, काहीच नाही तर गच्ची. दहा-पंधरा मिनिटं द्या. जीपीएसटेस्टसारखं अ‍ॅप उघडलंत तर प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची पट्टी दिसते. पार्किंगमध्ये दोन मरतुकड्या पट्ट्या असतात, गच्चीवर भराभर उंच होतात. एकदा हे डोळ्यांनी पाहिलंत की वाद मिटतो.

जुन्या अँड्रॉइडमध्ये आणखी एक फसगत आहे. लोकेशनच्या सेटिंगमध्ये हाय अ‍ॅक्युरसी, बॅटरी सेव्हिंग आणि डिव्हाइस ओन्ली असे तीन पर्याय असायचे (अँड्रॉइड ९ मध्ये ते गेले). बॅटरी सेव्हिंगवर जीपीएस चिप वापरलीच जात नाही. आजूबाजूचे वाय-फाय आणि मोबाइल टॉवर बघून, नेटवरून विचारून, अंदाजे ठिपका टाकला जातो. आता अशा फोनचं नेट बंद केलं तर ठिपका जाणारच! त्यात जीपीएसचा काय दोष? बिनसिमच्या फोनला सरळ डिव्हाइस ओन्ली करा.

नकाशा आधी उतरवून ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको; नाहीतर मुरबाडच्या पुढे माळशेजकडे जाताना नेट गेलं की ठिपका बरोबर आणि भोवती नुसता राखाडी पडदा. जुन्या फोनला माझं मत ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या अ‍ॅपला. हलकं आहे, महाराष्ट्राचा नकाशा पोटात ठेवतं, जाहिराती नाहीत. ऑसमअँड गुणी आहे, पण जुन्या फोनवर रखडतं. गुगल मॅप्सही ऑफलाइन चालतं, फक्त त्यात गाडीचाच रस्ता मिळतो, पायी जायचा नाही. पत्ता मात्र घरच्या वाय-फायवर शोधून पिन सेव्ह करूनच निघा, विशेषतः नवी मुंबईत. नुसतं "सेक्टर १०" लिहिलंत तर वाशीचा, नेरुळचा की खारघरचा, हे फोनने कसं ओळखायचं?

माजिवड्याला तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे फोनला कळत नाही. उंचीच्या हिशोबात जीपीएस मुळातच कच्चं. तिथे डेटा ऑन करून काही होत नाही, पाटी वाचा.

नेट खरोखर हवं ते ट्रॅफिकसाठी. पुढच्या गाड्यांतले फोन आपली जागा जीपीएसवरून काढतात आणि नेटवरून सर्व्हरला कळवतात, त्यावरून ती लाल रेघ बनते. गायमुखला ट्रक बंद पडलाय, हे कुठलाही उपग्रह सांगणार नाही. तेवढ्यासाठी दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट द्या, जुन्यात वेगळं सिम कशाला घालता?