नॉर्समन ट्रायथलॉन

पश्चिम नॉर्वेतील हार्डांगर फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात) उडी घेऊन सुरू होणारी आणि टेलेमार्क प्रांतातील गाऊस्तातोप्पेन पर्वताच्या माथ्यावर संपणारी, पोहणे, सायकल व धावणे सलग पार पाडायची एकदिवसीय सहनशक्ती-स्पर्धा. खडतर निसर्गात घेतल्या जाणाऱ्या ज्या स्पर्धांना आज ‘एक्स्ट्रीम ट्रायथलॉन’ म्हटले जाते, त्या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण नॉर्समनपासून मानतात. पोहणे ३.८ किमी, सायकल १८० किमी आणि धावणे ४२.२ किमी ही तिची अंतरे १९७८ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेल्या आयर्नमॅन स्पर्धेइतकीच आहेत. फरक आहे तो थंड पाणी, वारा, चढण आणि हवामानाची अनिश्चितता यांचा. हे अडथळे टाळता येतील असा मार्ग येथे शोधलेला नाही. उलट त्यांच्यामधूनच मार्ग आखला आहे.

पॉल होरेक स्ट्रानहाइम यांच्या कल्पनेतून ही स्पर्धा २००३ मध्ये मोजक्या स्पर्धकांसह सुरू झाली. शहरातल्या बंद रस्त्यांवर त्याच त्या फेऱ्या मारण्याऐवजी समुद्रसपाटीवरून निघून डोंगरमाथ्यावर पोहोचणारा एकच सलग प्रवास असावा, हा त्यामागचा विचार होता. रोख बक्षीस येथे नाही. प्रवेश प्रामुख्याने सोडतीने मिळतो आणि सुमारे अडीचशे जागांसाठी जगभरातून त्याच्या अनेक पटींनी अर्ज येतात. संख्या मर्यादित ठेवण्याचे कारण व्यवहारातले आहे : अरुंद डोंगरी रस्ते आणि माथ्यावरची तोकडी जागा यांवर याहून अधिक माणसे सुरक्षितपणे सांभाळता येत नाहीत.

ऑगस्टच्या आसपासच्या एका पहाटे मोटारी वाहून नेणारी फेरीबोट स्पर्धकांना घेऊन फ्योर्डमध्ये थांबते. बोटीचे तोंड उघडते आणि सुमारे चार मीटर उंचीवरून एकेक जण काळ्या पाण्यात उडी टाकतो. पुढे कयाकांच्या (वल्ह्याच्या छोट्या होड्यांच्या) रांगेपर्यंत पोहत जायचे, तिथे थांबायचे आणि पाच वाजता बोटीचा भोंगा वाजला की एइडफ्योर्ड गावाच्या दिशेने निघायचे. पाण्याचे तापमान सर्वसाधारणपणे १३ ते १५ अंश सेल्सिअस असते. परंतु फ्योर्डच्या टोकाशी नदीतून येणारे बर्फाचे पाणी गोडे व म्हणून हलके असल्याने पृष्ठभागावरच पसरते, आणि ज्या वर्षी डोंगरावरचा बर्फ उशिरा वितळतो त्या वर्षी पोहणाऱ्याच्या वाट्याला नेमका हाच थर येतो. २०१५ मध्ये पाणी दहा अंशांच्या आसपास उतरल्यामुळे पोहण्याचे अंतर कमी करावे लागले.

इतक्या थंड पाण्यात शरीराला बसणारा पहिला झटका हा गारठण्याचा नसतो, तो श्वासाचा असतो. त्वचा अचानक थंड झाली की आपोआप खोल श्वास ओढला जातो आणि पुढची एक ते तीन मिनिटे श्वसन व हृदयाचे ठोके ताब्यात राहत नाहीत. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर निष्णात पोहणाराही संकटात सापडू शकतो. त्यानंतर हातापायांकडचे रक्त आत ओढले जाते, बोटे बधिर होतात, पाण्यात हात मारण्याचा जोर कमी पडतो. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली जाण्याची अवस्था, म्हणजेच हायपोथर्मिया, बऱ्याच उशिराने येते. जाड निओप्रीनचा वेटसूट, त्याच कापडाची टोपी आणि मोजे यांमुळे तो काळ आणखी लांबवता येतो. वेटसूट घालून दहा अंशांच्या पाण्यात पोहणाऱ्या ट्रायथलॉनपटूंच्या गाभ्याचे तापमान मोजण्याचे काम नॉर्वेजियन संशोधकांनी केले आहे आणि माणसामाणसांत फार मोठा फरक पडतो, हे त्यातून स्पष्ट झाले. ही बाब महत्त्वाची आहे, कारण शेजारचा पोहणारा तरतरीत दिसतो म्हणून आपणही सुरक्षित आहोत असे थंड पाण्यात गृहीत धरता येत नाही. शिवाय पाण्याबाहेर आल्यावरही काही मिनिटे गाभ्याचे तापमान घसरत राहते. हेल्मेटचा पट्टा लावता न येणारी थरथरती बोटे हे नॉर्समनच्या पहिल्या थांब्यावरचे नेहमीचे दृश्य आहे. क्वचित एखाद्याच्या फुप्फुसांत पोहतानाच द्रव साचतो. दम लागणे आणि फेसाळ खोकला ही त्याची लक्षणे दिसताच पाण्याबाहेर येणे हाच पहिला उपाय ठरतो.

सायकलचा मार्ग एइडफ्योर्डहून माबोदालेन दरीतून वर चढतो. व्होरिंग्सफोसेन धबधब्याच्या बाजूने, जुन्या रस्त्याने आणि काही बोगद्यांतून जाणारी ही चढण सुमारे १,२५० मीटर उंचीवरील ड्यूरानुटपाशी संपते. नुकत्याच फ्योर्डमधून निघालेल्या ओल्या शरीराला ती बरी वाटते, कारण चढताना ऊब येते. खरी परीक्षा त्यानंतर, हार्डांगरविद्दाच्या पठारावर. उत्तर युरोपातले हे सर्वांत मोठे उंच पठार बहुतांशी वृक्षहीन आहे, रानटी रेनडिअरांचे कळप तिथे चरतात आणि वाऱ्याला अडवणारे काही नाही. भर उन्हाळ्यातही तिथे पाऊस व एक आकडी तापमान एकत्र येऊ शकते. गेइलो गावानंतर एकामागोमाग घाट येतात; त्यांतला शेवटचा इमिंगफ्येल दीडशे किलोमीटरच्या सुमारास येतो आणि तो चढताना आलेला घाम पुढच्या लांबलचक उतारावर अंग गोठवतो. म्हणून घाटमाथ्यावर थांबून कोरडे जाकीट व हातमोजे चढवण्यात दोन मिनिटे घालवणारा स्पर्धक शहाणा समजावा. तो वेळ वाया गेलेला नसतो.

धावण्याचे पहिले २५ किलोमीटर टिन्शो सरोवराच्या काठाने जवळजवळ सपाट आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे निघालेले, अणुसंशोधनासाठी लागणारे जड पाणी घेऊन जाणारी फेरीबोट १९४४ मध्ये नॉर्वेजियन प्रतिकारकांनी याच सरोवरात बुडवली. ते जड पाणी जिथे तयार होई तो वेमोर्कचा कारखाना पुढच्या र्‍युकान दरीत आहे. इथून मार्ग वळतो आणि ‘झोंबी हिल’ नावाची सुमारे सात किलोमीटरची नागमोडी चढण सुरू होते. तिच्यावर धावणारे थोडेच. बहुतेक जण मान खाली घालून चालतात, आणि मला वाटते या स्पर्धेतील सर्वांत प्रामाणिक दृश्य हेच आहे. चढणीच्या शेवटी निवड होते : पहिल्या १६० जणांना माथ्याकडे जाण्याची मुभा मिळते आणि त्यांतले जे पोहोचतात त्यांना काळा टी-शर्ट दिला जातो. इतरांचे अंतर गाऊस्ताब्लिक येथे पूर्ण होते व त्यांना पांढरा टी-शर्ट मिळतो. शेवटचे सुमारे पाच किलोमीटर म्हणजे दगडगोट्यांची पायवाट आहे. तिच्यावर पाठपिशवीत उबदार कपडे व अन्न घेऊन, सोबत्यासह जाणे सक्तीचे असते आणि शर्यत माथ्याजवळच्या दगडी कुटीपाशी संपते. पर्वताची उंची १,८८३ मीटर. दिवसभराची एकूण चढण सुमारे ५,००० मीटर भरते, म्हणजे समुद्रसपाटीवरून कळसूबाईची उंची तीनदा गाठण्याइतकी. सर्वांत वेगवान पुरुषांना यासाठी सुमारे दहा तास लागतात; इतर अनेक जण अंधार पडेपर्यंत मार्गावर असतात.

सोबत्याची ही अट स्पर्धेच्या केवळ शेवटच्या टप्प्यापुरती नाही. आयोजक नेहमीच्या स्पर्धांसारखी खाण्यापिण्याची टेबले मार्गावर मांडत नाहीत; प्रत्येक स्पर्धकाने स्वतःचे सहायक व मोटार आणायची असते. शरीरात साठलेले ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) दोन हजार किलोकॅलरींच्या आतबाहेरच ऊर्जा देऊ शकते आणि इतक्या तासांच्या श्रमाला ती अगदीच अपुरी पडते, त्यामुळे दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील अशी व्यवस्था सहायकाला करावी लागते. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून पाण्याची आठवणही तोच करून देतो. कपडे बदलण्याची वेळ ओळखणे, बोलण्यातला अडखळलेपणा किंवा डोळ्यांतली सुस्ती टिपणे आणि वेळप्रसंगी ‘आता पुरे’ असे सांगणे हेही त्याचेच काम. थकलेल्या व गारठलेल्या माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज भरवशाचा राहत नाही, म्हणून या स्पर्धेला वैयक्तिक पराक्रम म्हणणे अर्धेच खरे आहे.

नॉर्समनच्या धर्तीवर पुढे स्कॉटलंडमध्ये २०१२ पासून सेल्टमन आणि स्वित्झर्लंडमध्ये २०१३ पासून स्विसमन भरू लागली. चिलीच्या पॅटागोनियातही अशीच स्पर्धा होते. सेल्टमनचे पाणी नॉर्समनपेक्षाही थंड असते आणि त्यात जेलीफिश असतात. स्विसमनमध्ये सायकलवरून आल्प्समधल्या मोठ्या खिंडी ओलांडाव्या लागतात.

महाराष्ट्र व गोव्यात ट्रायथलॉनची ओढ अलीकडे वाढली आहे. २०१९ मध्ये पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा सुरू झाली. तिथला समुद्र उबदार, आणि प्रश्न उष्णतेचा व दमटपणाचा असतो. त्यामुळे अशा स्पर्धेत मिळवलेला अनुभव फ्योर्डमध्ये निम्माच कामी येतो. चढणीचा सराव सिंहगडावर किंवा सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात उत्तम होतो, पावसाळ्यातल्या घाटांत ओल्या रस्त्यावरचे उतारही शिकता येतात. थंड पाण्याची सवय मात्र मुद्दाम करावी लागते. हिमालयातली तळी किंवा बर्फ घातलेले टब यांत पाच-सहा वेळा काही मिनिटे उतरल्यानेही श्वासाचा पहिला झटका बराच कमी होतो आणि ही सवय काही महिने टिकते. असा सराव कधीही एकट्याने करू नये, काठावर जाणते माणूस हजर असावे, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तो वैद्यकीय तपासणीशिवाय सुरूच करू नये.