डुओडेसिमो आणि सेक्स्टोडेसिमो : बारा पत्रांची घडी, सोळा पत्रांची घडी

जुन्या युरोपीय ग्रंथांच्या सूचीत पुस्तकाच्या नोंदीपुढे ‘१२मो’ (डुओडेसिमो) किंवा ‘१६मो’ (सेक्स्टोडेसिमो) असे लिहिलेले आढळते. दोन्ही पुस्तके खिशात मावण्याजोगी असल्यामुळे ही केवळ लहान आणि त्याहून लहान अशी दोन मापे असावीत, असा समज सहज होतो. मुळात ही मापेच नव्हेत. छापखान्यात घेतलेल्या कागदाच्या अख्ख्या तावातून किती पत्रे निघाली, एवढेच ती सांगतात. डुओडेसिमोत एका तावाची बारा पत्रे, म्हणजे चोवीस पृष्ठे होतात, तर सेक्स्टोडेसिमोत सोळा पत्रे, म्हणजे बत्तीस पृष्ठे. (मराठीत पत्रालाही पान आणि पृष्ठालाही पानच म्हणतात, म्हणून येथे दोन शब्द वेगळे राखले आहेत : पत्र म्हणजे कागदाचा अख्खा तुकडा, पृष्ठ म्हणजे त्याची एक बाजू.)

खरा फरक घडीत आहे. ताव प्रत्येक वेळी मधोमध दुमडत गेल्यास दोन, चार, आठ, सोळा अशी पत्रे होत जातात. चौथ्या घडीला सेक्स्टोडेसिमो तयार होते. बारा हा आकडा मात्र या क्रमात बसत नाही. त्यासाठी तावाच्या लांबीचे कोठेतरी तीन भाग करावेच लागतात. प्रचलित रीत अशी होती, की लांबीचा एक तृतीयांश भाग पट्टीसारखा कापून वेगळा काढायचा, उरलेल्या भागाची आठ पत्रांची घडी घालायची आणि पट्टीची चार पत्रांची घडी तिच्या पोटात बसवून बारा पत्रांची एक जुडी शिवायची. पृष्ठे साच्यात मांडणाऱ्याला कोणते पृष्ठ पट्टीवर जाणार याचा हिशेब आधीच करावा लागे. तो चुकला, तर वाचक आठव्या पृष्ठावरून सतराव्यावर जाई.

या घडीमुळेच दोघांचा बांधा वेगळा होतो. पंधरा इंच रुंद आणि वीस इंच लांब असा क्राऊन ताव घ्या. सोळा पत्रे करताना लांबीचे आणि रुंदीचे प्रत्येकी चार भाग होतात आणि पत्र ५ इंच उंच, ३¾ इंच रुंद निघते. बारा पत्रांसाठी लांबीचे तीन व रुंदीचे चार भाग होतात. पत्राची रुंदी तीच ३¾ इंच राहते, उंची मात्र ६⅔ इंचांवर जाते. असे दोन ताव दुमडून एकमेकांवर ठेवले, तर दोन्ही बाजूंच्या कडा तंतोतंत जुळतात आणि डुओडेसिमो वरून पावणेदोन इंचांच्या आसपास डोके बाहेर काढते. म्हणूनच डुओडेसिमो सडपातळ दिसते आणि सेक्स्टोडेसिमो ठेंगणे. ताव बदलला, की आकडे बदलतात : वीस बाय पंचवीस इंचांच्या रॉयल तावाचे सेक्स्टोडेसिमो ६¼ बाय ५ इंच होते, म्हणजे क्राऊनच्या डुओडेसिमोपेक्षा रुंद. त्यामुळे फूटपट्टी लावून निकाल देऊ नये. शिवाय बांधणीकाराने कडा किती छाटल्या, हेही कोणाला ठाऊक नसते.

हातकागद असेल, तर पत्र उजेडासमोर धरल्यावर इंचाइंचाच्या अंतराने जाणाऱ्या साखळी-रेषा, म्हणजे कागद बनवण्याच्या साच्यातील तारांच्या खुणा, दिसतात. त्या ऑक्टेव्होत, म्हणजे अष्टपत्रीत, उभ्या जातात. नेहमीच्या पद्धतीने दुमडलेल्या बारापत्रीत आणि सोळापत्रीत त्या दोन्हीकडे आडव्याच असतात, त्यामुळे या दोघांत निवाडा करायला ही खूण एकटी पुरत नाही. जुडीतली पत्रे मोजावी लागतात. त्यातही एक मेख आहे. सोळा पत्रांची एकच जाड जुडी शिवताना फुगते, म्हणून ताव अर्धा कापून आठ-आठ पत्रांच्या दोन जुड्या करण्याचा प्रघात होता. आठ पत्रे दिसताच अष्टपत्री म्हणून मोकळे होणारा येथेच फसतो. जुडी आठ पत्रांची आणि साखळी-रेषा आडव्या असतील, तर बहुधा ते सेक्स्टोडेसिमोच. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर साखळी-रेषा नसलेला गुळगुळीत कागद हळूहळू प्रचारात आला आणि पुढे ही खूणही हातची गेली.

लहान आकाराची चाल मुख्यतः १५०१ मध्ये व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुशियुस याने अष्टपत्रीत काढलेल्या अभिजात ग्रंथांनी पाडली. सतराव्या शतकात लायडनच्या एल्झेव्हियर या मुद्रक-प्रकाशक घराण्याने बारापत्रीला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यामुळे युरोपात ‘एल्झेव्हियर’ हे नावच इवल्या, सुबक पुस्तकाला लावले जाऊ लागले.

एकोणिसाव्या शतकाअखेरीस अमेरिकी ग्रंथपालांनी हीच नावे घडीपासून तोडून उंचीला जोडली : साडेसतरा ते वीस सेंटिमीटर म्हणजे १२मो आणि पंधरा ते साडेसतरा म्हणजे १६मो. त्यामुळे सूची कोणत्या पद्धतीची आहे, हे आधी पाहिलेले बरे.

मराठी वाचकाला आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. आपल्या प्रकाशकांच्या ‘डबल क्राऊन १/१६’ या शब्दांत सोळाचा आकडा असला, तरी ते जुन्या अर्थाचे सेक्स्टोडेसिमो नव्हे. वीस बाय तीस इंचांच्या दुप्पट तावाचे सोळा भाग केले, की ७½ बाय ५ इंचांचे पत्र निघते आणि साध्या क्राऊनच्या १/८ चेही तेच माप असते. छापखान्यात ‘सोळा पानांचा फॉर्म’ म्हणतात तेव्हा तर पृष्ठे मोजलेली असतात, म्हणजे पत्रे आठच.