दोन्ही शंटच, पण पुढची वर्षं वेगळी

‘रक्ताच्या उलट्या व्हायच्या, शंट केला’ असं कुणी सांगितलं की कुठला शंट, हे सहसा विचारलं जात नाही. शंट म्हणजे अडलेल्या रक्ताला काढून दिलेली दुसरी वाट. एक शंट पोट उघडून, दोन शिरा एकमेकींना शिवून केलेला असतो. दुसरा मानेतल्या शिरेतून तार घालून लिव्हरच्या आतच जाळी बसवून केलेला. त्याला टिप्स म्हणतात. कोल्हापुरातून पुण्या-मुंबईला निघण्याआधी घरचे लोक ओळखीपाळखीत चौकशी करतात आणि गफलत तिथंच होते. कागलच्या एखाद्या शाळकरी पोराचा अनुभव इचलकरंजीच्या पन्नाशीतल्या सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर सुकत चाललेल्या रुग्णाला लावला जातो.

आतडी आणि पानथरीकडचं रक्त पोर्टल शिरेतून लिव्हरला जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त याच वाटेनं येतं. पंचगंगेला फूग आली की जयंती नाल्याचं पाणी उलटं शहरात शिरतं, तसं वाट अडल्यावर हे रक्त अन्ननलिकेच्या शिरांत शिरतं आणि त्या फुगतात. लिव्हरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक पाऱ्याच्या १२ मिलिमीटरपर्यंत पोचला की त्या फुटण्याचा धोका असतो. पहिला इलाज औषधं आणि दुर्बिणीतून फुगलेल्या शिरांना बँड बांधणं हाच. शंटची वेळ त्यानंतर येते.

शंट रक्ताला लिव्हर टाळून थेट मोठ्या शिरेत नेतो. दाब उतरतो, रक्तस्राव थांबतो. पण आतड्यातला अमोनिया न गाळताच मेंदूपर्यंत जाऊ लागतो. झोप दिवसा लागते, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. रशियन सर्जन निकोलाय एक (Eck) यांनी १८७७ मध्ये कुत्र्यांवर असा जोड केला होता. पुढं १८९३ मध्ये पावलोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की असे कुत्रे मांस खाल्ल्यावर आजारी पडतात.

आता दोन्ही शंट समोरासमोर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सिरॉसिसचे १४० रुग्ण होते. सगळ्यांचं लिव्हर अजून बऱ्यापैकी चालणारं, पण औषधं आणि दुर्बिणीला रक्तस्राव दाद देत नव्हता. निम्म्यांची पानथरीची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडली, निम्म्यांना टिप्स केलं. पुन्हा रक्तस्राव शस्त्रक्रियेनंतर ५.५ टक्के आणि टिप्सनंतर १०.५ टक्के, हा फरक ठोस धरण्याइतका नव्हता. पाच वर्षांनी हयात ६२ आणि ६१ टक्के. मेंदूचा त्रास दोन्हीकडे साधारण निम्म्यांना. मोठा फरक एकाच ठिकाणी होता: शंट चालू ठेवण्यासाठी पुन्हा काही करावं लागलं ते शस्त्रक्रियेच्या ११ टक्के आणि टिप्सच्या ८२ टक्के रुग्णांना. तेव्हाची जाळी उघडी होती, आतून भरत जायची. आता आवरण असलेली जाळी वापरतात, ती पुष्कळ जास्त काळ उघडी राहते. त्यामुळे जुन्या टिप्सच्या कहाण्या आजच्या रुग्णाला सांगून घाबरवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

सिरॉसिसमध्ये आज पारडं टिप्सकडे झुकतं. पोट उघडावं लागत नाही, पुढं लिव्हर बदलायची वेळ आली तर अडचण कमी. निवडक गंभीर रुग्णांत रक्तस्रावानंतर पहिल्या ७२ तासांत टिप्स केल्यावर वर्षभरानं ८६ टक्के हयात होते, नेहमीच्या उपचारांवर ६१ टक्के. हा अभ्यास २०१० चा, फक्त ६३ रुग्णांचा. तरीही सुकत चाललेलं लिव्हर कुठलाच शंट बरं करत नाही. पुढची वर्षं लिव्हरच्या अवस्थेवर ठरतात.

कागलच्या पोराचं गणित इथंच वेगळं होतं. मुलांत अनेकदा लिव्हर चांगलं असतं आणि लिव्हरबाहेर पोर्टल शीर गुठळीनं बंद झालेली असते. शिवलेला शंट नीट चालला तर अशी मुलं रक्तस्रावाविना वर्षानुवर्षं जगतात, शाळा-नोकरी करतात. वारंवार बँडिंगलाही ती चांगली साथ देतात. पण गगनबावड्याकडच्या वाडीवर राहणाऱ्या, पावसाळ्यात रस्ता बंद पडणाऱ्या घराला रात्री रक्ताची उलटी परवडत नाही. तिथं एकदाच्या शस्त्रक्रियेचा विचार जास्त गांभीर्यानं व्हावा. काही मुलांत गळ्यातली शीर वापरून रक्त पुन्हा लिव्हरमध्येच सोडणारी मेसो-रेक्स शस्त्रक्रियाही करता येते; ती जमण्यासारखी असेल तर सर्वांत उत्तम, कारण त्यात लिव्हर टाळलंच जात नाही.

शंटच्या शस्त्रक्रियेत पानथरीही काढणार असतील तर न्यूमोकोकससारख्या जंतूंच्या लसी आधीच घ्याव्या लागतात, आणि नंतर प्रत्येक तापाला डॉक्टर गाठावा लागतो. जाळी असो वा शिवण, ती उघडी आहे का हे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत दिसतं.

आणखी एक. मेंदूचा त्रास होईल या भीतीनं घरात डाळ, दूध, अंडी बंद केली जातात. सिरॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. उपाशी ठेवल्यास स्नायू झिजतात आणि अमोनिया उलट वाढतो. त्रास आवरायला लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषध आहे. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकं ते द्यायचं, आणि ताट भरलेलं ठेवायचं.