अकरा हजार सहाशे आठला अकरा हजार सहाशे आठ

फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये, म्हणजे आपल्या गिरगावात, भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी काढावी लागली, शाह निवडून आले. अशी बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "दोघांना अगदी सारखी मतं? शक्यच नाही, काहीतरी काळंबेरं असणार." हे "शक्यच नाही" गणिताच्या तराजूत घालून पाहावं असं मला फार दिवस वाटत होतं. त्यासाठी उत्तम उदाहरण त्याच वर्षी, नऊ महिन्यांनी, अमेरिकेत घडलं.

व्हर्जिनिया राज्याच्या कनिष्ठ सभागृहात १०० जागा आहेत आणि दर दोन वर्षांनी निवडणूक होते. त्यातला ९४ वा मतदारसंघ न्यूपोर्ट न्यूज शहरातला. अमेरिकी नौदलाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौका बांधणारं हे शहर. ही जागा २००२ पासून रिपब्लिकन ग्लेन ओडर यांच्याकडे आणि २०११ नंतर त्यांच्याच पक्षाच्या डेव्हिड यान्सी यांच्याकडे होती. २०१५ मध्ये डेमोक्रॅट शेली सायमंड्स त्यांच्यापुढे आरामात हरल्या. २०१७ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या. ७ नोव्हेंबरच्या मोजणीत यान्सी १० मतांनी पुढे होते. १९ डिसेंबरच्या फेरमोजणीत सायमंड्स १ मताने पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी बाद ठरलेली एक मतपत्रिका यान्सींच्या पारड्यात टाकली आणि आकडा झाला ११,६०८ विरुद्ध ११,६०८.

आता गणित. इतर पक्षांची थोडी मतं बाजूला ठेवू. उरले २३,२१६ मतदार. क्षणभर समजू की प्रत्येकाने नाणं उडवून मत दिलं. दोन नाणी उडवली तर एक छापा आणि एक काटा येण्याची शक्यता निम्मी. चार नाण्यांत दोन-दोन येण्याची शक्यता १६ पैकी ६. दहा नाण्यांत पाच-पाच येण्याची १,०२४ पैकी २५२, म्हणजे साधारण पाव. हे आकडे भारतीय गणितज्ञ हलायुधाच्या मेरुप्रस्ताराच्या, म्हणजेच शाळेतल्या पास्कलच्या त्रिकोणाच्या, मधल्या घरांतून येतात. पुढे गेलो की १०० नाण्यांना सुमारे ८ टक्के आणि १०,००० नाण्यांना ०.८ टक्के. नाणी शंभरपट झाली तरी शक्यता फक्त दहापटच घटली, हे लक्षात घ्या. ती नाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते.

असं का होतं? कारण छाप्यांची संख्या निम्म्याच्या आसपासच रेंगाळते. N नाण्यांत तिचं नेहमीचं हेलकावणं, म्हणजे प्रमाण विचलन, √N च्या निम्मं असतं. २३,२१६ चं वर्गमूळ सुमारे १५२, त्याचं निम्मं ७६. म्हणजे एका उमेदवाराची मतं ११,६०८ च्या अलीकडे-पलीकडे बहुतेक वेळा शे-दीडशेच्या आतच पडणार. या शक्यतांचा आलेख काढला तर तो डोंगरासारखा दिसतो आणि त्याचं शिखर नेमक्या निम्म्यावर, म्हणजे बरोबरीवर येतं. एवढ्याशा पट्ट्यात एखाद्या आकड्याला नेमकं शिखरावर बसायला फारसं नशीब लागत नाही. शिखराची उंची काढायची तर ७६ ला २π च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे अडीचने गुणायचं आणि येणाऱ्या संख्येचा व्यस्त घ्यायचा. उत्तर येतं साधारण १९० मध्ये एक. ही काही अशक्य गोष्ट नव्हे!

पण मतदार नाणं उडवत नाहीत. समजा एका उमेदवाराकडे कल ५१ टक्के आहे. मग शिखर २३२ मतांनी सरकतं, म्हणजे ७६ च्या तिप्पट, आणि बरोबरीची शक्यता वीस हजारांत एकवर येते. ५२ टक्क्यांना शिखर ७६ च्या सहापट सरकतं आणि शक्यता दोन हजार कोटींत एक याहूनही कमी होते. शक्यतेच्या सूत्रात शिखरापासूनच्या अंतराचा वर्ग घातांकात बसलेला असतो, म्हणून ही घसरण अशी कडेलोटासारखी होते. मला या सूत्रात सगळ्यात आवडणारी जागा हीच.

खरा कल आपल्याला आधी ठाऊक नसतो. तो ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकेल असं धरलं, तर मतांचे सुमारे २,३०० आकडे शक्य होतात आणि त्यातला एक नेमका निम्म्याचा. म्हणजे चुरशीच्या अशा २,३०० लढतींत एक बरोबरी. एकट्या भारतात विधानसभांच्या चार हजारांहून जास्त जागा आहेत. सगळ्या चुरशीच्या नसतात, पण दशकानुदशकं निवडणुका होत राहिल्या की असे निकाल येणारच. राजस्थानातल्या नाथद्वारात २००८ साली काँग्रेसचे सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले, ते याच गणितात बसतं.

निकालाआधी पत्रिका मांडून विजेता सांगणाऱ्यांचीही एक नोंद इथे करायलाच हवी. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका वेगळ्या करायच्या होत्या. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाण्याने ५० दिली असती.

न्यूपोर्ट न्यूजच्या त्या मतपत्रिकेकडे परत येऊ. मतदाराने दोन्ही नावांपुढचे लंबगोल काळे केले होते आणि सायमंड्सच्या लंबगोलावर एक तिरकी रेघ ओढली होती. मोजणी यंत्र लंबगोलातला काळेपणा पाहतं. दोन्ही भरलेले दिसले की त्याच्या लेखी मत बाद. माणूस रेघ पाहतो आणि मतदाराने इतर पदांसाठी कुणाला निवडलंय तेही पाहतो. मोजमापाचं कोणतंही साधन एका सूक्ष्म मर्यादेनंतर डळमळतं आणि या लढतीतलं अंतर त्या मर्यादेच्या आत होतं. १० मतांची आघाडी उलटून उणे १ झाली, मग शून्य, ती त्यामुळेच. अशा वेळी "खरा" आकडा कोणता हे पुन्हा मोजून ठरत नाही, नियमाने ठरवावं लागतं. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ६५ वं कलम तेच करतं: चिठ्ठी ज्याच्या नावाची, त्याला एक मत जास्त मिळालं असं धरायचं.

व्हर्जिनियातही चिठ्ठीच काढली गेली. राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, ४ जानेवारी २०१८ रोजी दोन नावं कॅमेऱ्याच्या फिल्मरोलच्या डब्यांत घालून, कलासंग्रहालयातून आणलेल्या चिनीमातीच्या निळ्या-पांढऱ्या वाडग्यात ठेवली गेली. पहिली डबी उघडली, नाव निघालं यान्सी. सभागृहात रिपब्लिकन ५१, डेमोक्रॅट ४९. दुसरी डबी उचलली गेली असती तर ५०-५०.

दोनच वर्षांत दोघं पुन्हा समोरासमोर आले. दरम्यान काही मतदारसंघांच्या सीमा वंशाच्या आधारावर आखल्याचं ठरल्यामुळे न्यायालयाने नकाशा बदलला होता आणि त्यात शेजारच्या ९४ व्याचीही रेषा हलली. वर पाहिलेलं शिखर डेमोक्रॅटांच्या बाजूला सरकलं आणि २०१९ मध्ये सायमंड्स मोठ्या फरकाने जिंकल्या. पुढच्या फेररचनेनंतर, २०२३ पासून, त्या ७० व्या मतदारसंघातून निवडून येतात.