अपेक्षित आयुर्मान: भारत, बांगलादेश आणि एक लाख काल्पनिक बाळं

ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अंदाज आला आणि वाहिन्यांवर एकच गदारोळ उडाला. दरडोई उत्पन्नात बांगलादेश भारताला मागे टाकणार! त्यांचे १,८८८ डॉलर, आपले १,८७७. फरक अकरा डॉलरचा, तोही बाजारातल्या विनिमय दराने मोजलेला. स्थानिक किमती धरून, म्हणजे क्रयशक्तीच्या हिशोबाने, त्याच वर्षी भारत बराच पुढे होता. एवढ्याशा फरकावर कुणी खाली मान घालायची गरज नव्हती आणि कुणी फटाके फोडायचीही नव्हती.

ज्या आकड्यावर खरी चर्चा व्हायला हवी होती तो वेगळाच आहे. २०१९ साली जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान बांगलादेशात ७२ वर्षांच्या पुढे होतं, भारतात सुमारे ७०. १९९० च्या सुमारास बांगलादेशात हजार जन्मांमागे साधारण १०० बाळं वर्षाच्या आत दगावत होती, भारतात ९० च्या आसपास. म्हणजे तेव्हा ते आपल्या मागे होते. मग चित्र पालटलं कसं? हे कळायला आयुर्मानाचा आकडा कसा तयार होतो ते बघावं लागतं, आणि ते मला फार सुंदर प्रकरण वाटतं.

आज जन्मलेलं बाळ किती जगेल, हे समजायला सत्तर वर्षं थांबायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ एक लाख काल्पनिक बाळं घेतात आणि त्यांना या एकाच वर्षाच्या मृत्युदरांतून संपूर्ण आयुष्य काढायला लावतात. यंदा पहिल्या वर्षात जितकी बाळं गेली, त्या प्रमाणात लाखातून वजा करायची. उरलेल्यांना यंदाच्या एक वर्षाच्या मुलांचा मृत्युदर लावायचा, मग दोन वर्षांच्यांचा, असं करत थेट शंभरीपर्यंत. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत त्या वयात सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं मांडायची. जे वर्षभरात गेले त्यांची साधारण अर्धं वर्ष धरतात. तान्ह्या बाळांची मात्र त्याहून कमी, कारण त्यांतले बरेचसे मृत्यू पहिल्या महिन्यातच होतात. शेवटी रकान्याची बेरीज, भागिले एक लाख. झालं अपेक्षित आयुर्मान.

आता या तक्त्यात हात घालून बघा. समजा, वर्ष पूर्ण केलेलं मूल सरासरी ६९ व्या वर्षापर्यंत जगतं, पण हजारात १०० बाळं त्याआधीच जातात. मग जन्मावेळचं आयुर्मान ६२ वर येतं. ते १०० मृत्यू २५ वर आणले, बाकी काहीही बदललं नाही, तर आयुर्मान ६७ च्या पुढे जातं. पाच वर्षांची वाढ, आणि एकही म्हातारा माणूस एक दिवसही जास्त जगलेला नाही! उलट बाजूने, लाखातल्या पाच हजार पंचाहत्तरीच्या माणसांना आणखी दहा-दहा वर्षं मिळाली, तर सरासरी वाढते जेमतेम अर्ध्या वर्षाने. तेवढीच पाच हजार बाळं वाचली तर जवळपास साडेतीन वर्षांनी. आयुर्मान कमी असलेल्या देशात हा आकडा मुख्यतः पाळण्यातल्या मुलांबद्दल बोलतो.

म्हणूनच ‘आयुर्मान ६० म्हणजे माणसं साठीत मरतात’ हा समज चुकीचा. आणि ‘पूर्वीचे लोक शंभर वर्षं जगायचे, कलियुगात आयुष्य घटलं’ हे तर साफ खोटं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारताचं आयुर्मान पंचविशीच्या आत होतं. शंभरी गाठलेला एखादा पणजोबा कुटुंबाच्या आठवणीत राहतो, त्याची तान्हेपणी गेलेली चार भावंडं राहत नाहीत.

बांगलादेशाने नेमकं पाळण्यापाशी काम केलं. जुलाबात बाळ मरतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. कॉलऱ्यातसुद्धा आतड्याची एक वाट शाबूत राहते: सोडियम आणि ग्लुकोज बरोबर आले की पेशी दोन्ही आत ओढतात, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. साठच्या दशकाच्या अखेरीस ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत यावर आधारलेल्या द्रावणाच्या चाचण्या झाल्या. १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या काळात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं. तीच आपली जलसंजीवनी.

पुढचं काम ‘ब्रॅक’ या बांगलादेशी स्वयंसेवी संस्थेने केलं. १९८० ते १९९० या दशकात तिच्या कार्यकर्त्या एक कोटीहून जास्त घरांत जाऊन आयांना शिकवून आल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नंतर तपासणीस जाऊन काही आयांना विचारत, द्रावण करायला लावत. आईच्या लक्षात किती राहिलं यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. जुलाब लागले की पाणी तोडायचं, या जीवघेण्या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. अर्थात लसीकरण, कुटुंबनियोजन, संडासांचा प्रसार, मुलींची शाळा हे सगळं सोबतीला होतंच.

तक्त्याची एक मर्यादा तुलना करताना लक्षात ठेवावी लागते. तो त्या एका वर्षाचे मृत्युदर कायमचे धरून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात २०२१ साठी भारताचं आयुर्मान ६७.२ वर घसरलं, बांगलादेशाचं ७२.४ होतं. दोनेक वर्षांची दरी एकदम पाचवर गेली. याचा अर्थ त्या वर्षी जन्मलेली भारतीय मुलं लवकर मरणार असा होत नाही. करोनाचं वर्ष त्या काल्पनिक लाखाच्या वाट्याला जन्मभर आलं, एवढंच.

आणि जगण्याची प्रत म्हणजे फक्त लांबी नव्हे. बांगलादेशात विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी निम्म्याजणींची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत, भारतात साधारण चौथा हिस्सा. आयुर्मानात याचा मागमूसही दिसत नाही. देशाच्या सरासरीत राज्यंही बुडून जातात: जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१९ मध्ये केरळात हजारी ६ अर्भकं दगावली, मध्य प्रदेशात ४६. दोन देशांमधला फरक तेव्हा हजारी पाचाच्याही आत होता.